मनाची परीक्षा : भीती कशाची?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात नेवासा येथे पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेने मला बोलावले आणि विषय निवडण्याची मोकळीकही दिली, याबद्दल मी आभारी आहे. आजचा विषय कोणाला थोडा लांबचा वाटेल. बर्फाच्या प्रदेशात, अंतराळात, सरहद्दीवर, म्हणजे जिथे जगणेच कठीण आहे अशा ठिकाणी काम करायला माणसे निवडताना त्यांच्या मनाची परीक्षा कशी घेतात, हा तो विषय. नेवाशाला बर्फ नाही आणि येथून अंतराळातही कोणी जात नाही, मग हा विषय येथे कशाला, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. त्याचे उत्तर एका घटनेत आहे.

सुमारे चार वर्षांपूर्वी ईशाची नमाज आटोपून एक गृहस्थ माझ्या घरी आले. ट्रॅक्टर दुरुस्तीचा त्यांचा धंदा. त्यांचा मुलगा लष्करातील अधिकारीपदाच्या लेखी परीक्षेत उत्तीर्ण झाला होता. पुढे पाच दिवसांच्या निवड चाचणीला तो गेला आणि परत आला. यादीत नाव नव्हते. कारण कोणी सांगितले नव्हते, कारण तसे ते सांगतच नाहीत. गृहस्थांनी आत येऊन दार लोटून घेतले आणि हळू आवाजात म्हणाले, "सर, एक खरं सांगा. पोराच्या डोक्यात काही फरक आहे का? लोक म्हणतात, लेखी पास झाला, अंगानं धडधाकट आहे, मग मनाच्या परीक्षेतच नापास झाला असणार."

मुलगा आठ दिवस घराबाहेर पडला नव्हता. त्याच्या बहिणीच्या सोयरिकीची बोलणी चालू होती आणि ही कुजबूज तिथपर्यंत पोहोचली तर काय, याचा बापाला घोर लागला होता. त्या रात्री मी त्यांना जे सांगितले तेच आज तुम्हा सर्वांना सांगणार आहे, कारण हा गैरसमज एका घरापुरता नाही.

प्रथम, या परीक्षा निघाल्या कशा ते पाहू. 1897 साली बेल्जियमहून 'बेल्जिका' नावाचे एक जहाज दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशाच्या शोधासाठी निघाले. 1898 मध्ये ते तेथील बर्फात अडकले आणि वर्षभर अडकूनच राहिले. त्या प्रदेशात हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे सूर्य उगवत नाही. जहाजावरची माणसे धट्टीकट्टी आणि समुद्राला सरावलेली होती. पण अंधार, एकांत, तेच अन्न आणि तेच चेहरे यांनी काहींची मने ढळली. शरीर बळकट असले म्हणजे मनही तेवढेच टिकेल असे नाही, हे जगाला अशा प्रसंगांतून कळले.

दुसरा धडा युद्धांनी दिला. लढाईत अधिकारी निवडताना पूर्वी घराणे, शाळा आणि ओळखीपाळखी पाहत. दुसऱ्या महायुद्धात हजारो अधिकारी लागले, तेव्हा ही रीत पुरी पडेना. 1942 साली ब्रिटनमध्ये मानसशास्त्रज्ञांच्या मदतीने नवी निवड मंडळे सुरू झाली. 1943 साली त्याच धर्तीवर डेहराडूनला आपल्या देशातले पहिले प्रायोगिक मंडळ बसले. स्वातंत्र्यानंतर संरक्षण खात्याने या कामासाठी संशोधनाची स्वतंत्र शाखा काढली, आणि तिचीच पुढे दिल्लीत संरक्षण मानसशास्त्रीय संशोधन संस्था झाली. या पद्धतीचा मूळ हेतू लक्षात घ्या. बापाचे नाव न पाहता मुलाचे गुण पाहावेत, हा तो हेतू होता. ज्या समाजाच्या मागे वशिला नाही, त्याने या परीक्षेला भिण्याऐवजी तिचे स्वागत करायला हवे.

आता या पाच दिवसांत होते काय? वर्षानुवर्षे चालत आलेल्या पद्धतीत लेखी मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरची गटाची कामे आणि मुलाखत असे तीन भाग असतात. लेखी भागात बारा चित्रांची एक चाचणी आहे. चित्र अर्धा मिनिट दाखवतात आणि चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायला सांगतात. शेवटचे चित्र म्हणजे नुसता कोरा पडदा. त्यावरही गोष्ट लिहायचीच. कोऱ्या जागी माणूस जे लिहितो ते त्याच्या मनातूनच येणार. ही कल्पना 1935 साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात मरे आणि मॉर्गन या दोन संशोधकांनी मांडली.

दुसऱ्या चाचणीत साठ शब्द असतात. प्रत्येक शब्द पंधरा सेकंद दाखवतात आणि तेवढ्यात एक वाक्य लिहायचे. तिसरीत साठ प्रसंग आणि अर्धा तास. समजा, असा प्रसंग दिला की तुम्ही एस. टी.ने परीक्षेला निघाला आहात, गाडी घोडेगावजवळ बंद पडली आणि शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईंना चक्कर आली. तुम्ही काय कराल? एकाच उत्तरावर कोणी पास किंवा नापास होत नाही. पण साठ उत्तरे एकत्र वाचली की या मुलाला आधी स्वतःची अडचण दिसते की दुसऱ्याचीही दिसते, तो रडत बसतो की मार्ग काढतो, हे जाणकाराला समजते.

मग मैदानावर आठ-दहा मुलांचा गट करून त्यांना दोरी, फळी आणि एक ओंडका देतात आणि अडथळा ओलांडायला सांगतात. पुढारी कोणालाच नेमत नाहीत. परीक्षक बाजूला उभे राहून पाहतात. कोण ओरडतो, कोण ऐकतो, कोणाची युक्ती फसल्यावर तो दुसऱ्याच्या युक्तीला हात लावतो. या सगळ्यात वेडेपणा तपासण्यासारखे काय आहे, हे तुम्हीच सांगा.

या पद्धतीची पुढची पायरी अंटार्क्टिकात दिसते, आणि आपल्या मुलांना माहीत असावे असे बरेच काही तिथे आहे. भारताची पहिली मोहीम 6 डिसेंबर 1981 रोजी गोव्याहून निघाली आणि 9 जानेवारी 1982 रोजी तेथील बर्फावर उतरली. एकवीस जणांच्या त्या तुकडीचे नेते होते डॉ. सय्यद जहूर कासिम. त्यांचे शिक्षण अलीगढला झाले, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे ते संचालक होते आणि पुढे जामिया मिल्लिया इस्लामियाचे कुलगुरू झाले. तिसऱ्या मोहिमेत, 1983-84 साली, दोन स्त्रिया होत्या. त्यांतल्या डॉ. आदिती पंत नागपूरला जन्मलेल्या आणि पुण्यात शिकलेल्या. आपल्या मुलींनी ही दोन्ही नावे वहीत लिहून ठेवावीत.

पहिल्या तुकड्या उन्हाळ्यात जाऊन परत येत. 1984 साली मात्र बारा जणांनी दक्षिण गंगोत्री या तळावर पहिल्यांदा पूर्ण हिवाळा काढला. तो तळ नंतर बर्फाखाली गेला. त्यापुढे 1989 साली मैत्री आणि 2012 साली भारती हे तळ उभे राहिले. हिवाळ्याचा मुक्काम म्हणजे वर्षभराहून अधिक काळ घरापासून दूर राहणे. समुद्र गोठतो, जहाज येत नाही. मैत्रीवर सुमारे दोन महिने सूर्य क्षितिजावर येत नाही. पंचवीसेक माणसे, एक इमारत आणि बाहेर वादळ. भांडण झाले म्हणून मामाच्या गावाला निघून जाता येत नाही. म्हणूनच हिवाळ्यासाठी माणूस घेताना शरीराच्या तपासणीबरोबर मनाचीही तपासणी होते आणि उत्तराखंडात औली येथे बर्फावर सराव होतो. 2016-17 साली 'इस्रो'च्या मंगला मणी यांनी भारती तळावर चारशेहून अधिक दिवस काढले. तेवीस जणांच्या तुकडीत त्या एकट्या स्त्री होत्या आणि वय होते छप्पन्न.

तेथे फक्त शास्त्रज्ञ जातात असे समजू नका. डॉक्टर, परिचारक, डिझेल मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, सुतार, क्रेनचालक आणि आचारीही लागतात. वर्तमानपत्रात जाहिराती येतात. आय. टी. आय. केलेला आपला मुलगा त्यांत बसू शकतो. फक्त त्याला मनाची चाळणही ओलांडावी लागते.

या चाळणीत शोधतात तरी काय? 1957-58 च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात अमेरिकेने अंटार्क्टिकात तळ वसवले. तेव्हापासून तेथे हिवाळा काढणाऱ्या माणसांचा त्यांच्या नौदलाच्या संशोधकांनी पुष्कळ वर्षे अभ्यास केला. कोण चांगला टिकला, हे त्यांनी साहेबांबरोबर सोबत्यांनाही विचारले. त्यातून तीन गुण पुढे आले. पहिला, आपल्या कामाची आवड आणि कष्टाची तयारी. दुसरा, मनाचा तोल. तिसरा, इतरांशी जमवून घेण्याचा स्वभाव. म्हणजे ज्याच्या तोंडून हुकूम सुटतात असा शूरवीर किंवा पहिला नंबर काढणारा हुशार मुलगा एवढ्यावरच ते थांबत नाहीत. ज्याच्यासोबत एका खोलीत वर्ष काढता येईल असा माणूस त्यांना हवा असतो.

आणखी एक निरीक्षण ऐका. अशा मुक्कामात मन सर्वांत जास्त खचते ते सुरुवातीला नाही आणि शेवटीही नाही. अर्धी मुदत उलटून गेल्यावर, म्हणजे तिसऱ्या चतुर्थांशात, पुष्कळ जण खचतात असे 1991 साली दोन संशोधकांनी मांडले. नवेपणा संपलेला असतो आणि घर अजून लांब असते. सर्वांच्या बाबतीत तसेच होते असे नाही, पण वसतिगृहात राहणाऱ्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे. डिसेंबर-जानेवारीत अभ्यासावरून मन उडाले, घरी पळून जावेसे वाटले, तर आपण नालायक आहोत असे समजू नका. आपल्याहून कणखर माणसांना असेच वाटलेले आहे. तो काळ निघून जातो.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे येतो. शेतकऱ्याला चाळण्या दोन असतात हे माहीत आहे. एका चाळणीने खडे-माती काढतात. दुसऱ्यांदा निवडतात ते बियाण्यासाठी. निवडीत मागे राहिलेला दाणा खडा नसतो, तो उत्तम धान्यच असतो. या परीक्षांचेही तसेच आहे. पहिल्या फेरीत, अशा जागी ज्याला खरोखर धोका आहे अशा माणसाला बाजूला ठेवतात. दुसऱ्या फेरीत त्या ठरावीक कामाला सर्वांत योग्य कोण, हे पाहतात. आपले बहुतेक मुलगे परत येतात ते दुसऱ्या फेरीतून. जागा थोड्या आणि उमेदवार फार. शिवाय ही दुसरी चाळण अचूक आहे असा दावा जाणकारही करीत नाहीत. खडे काढणे त्यांना बरेच जमते, पण उद्या कोण उत्तम ठरेल हे आज सांगणे फार अवघड आहे.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांना वैमानिक व्हायचे होते. शिक्षण संपल्यावर ते डेहराडूनला हवाई दलाच्या निवड मंडळापुढे गेले. पंचवीस उमेदवारांत ते नववे आले आणि घ्यायचे होते आठ. मन मोडले, हे त्यांनी स्वतःच आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. त्या मंडळाने चूक केली असे मी म्हणणार नाही. त्या कामासाठी त्यांना आठ अधिक योग्य वाटले, एवढेच. पुढे क्षेपणास्त्रे आणि राष्ट्रपतीपद हा इतिहास तुम्हाला पाठ आहे. दुसरे उदाहरण अमेरिकेचे पीट कॉनराड यांचे. 1959 साली अंतराळवीरांच्या पहिल्या निवडीत ते नाकारले गेले. 1962 साली तेच निवडले गेले आणि 1969 साली चंद्रावर पाऊल ठेवणारे तिसरे मानव ठरले. माणूस तोच होता, मध्ये फक्त तीन वर्षे गेली होती.

तेव्हा त्या रात्री मी त्या गृहस्थांना म्हणालो, "भाई, तुमच्या मुलाला एका कामासाठी घेतले नाही. तो कसा आहे याचा निकाल कोणी दिलेला नाही." आणि आणखी एक गोष्ट सांगितली, ती तुम्हालाही सांगतो. समजा, एखाद्या मुलाला मनाचा आजार झालाच, तरी तो आजारच आहे. टायफॉइड झाला तर आपण लपवीत नाही, डॉक्टरकडे नेतो. मनाच्या आजारालाही डॉक्टर असतात आणि औषधे असतात. लाज वाटायची असेल तर कुजबुजणाऱ्याला वाटावी.

पालकांना आता दोन कडू शब्द सांगतो, माफी असावी. दूरच्या त्या तळावर आचाऱ्याच्या मदतीला आणि साफसफाईला पाळी लागते. शास्त्रज्ञ असो की डॉक्टर, पाळीच्या दिवशी भांडी घासावी लागतात. आपल्या घरात मुलगा जेवून उठतो आणि ताट तिथेच राहते. बहीण ते उचलते. त्याचे कपडे अम्मी धुते, त्याची चूक अब्बा सावरतात, भांडण झाले तर चाचा मध्ये पडतात. वयाच्या अठराव्या वर्षी हाच मुलगा आठ परक्या मुलांसोबत ओंडका उचलायला उभा राहतो, तेव्हा त्याला वाटते की कोणीतरी येऊन उचलील. हे पाच दिवसांत शिकवता येत नाही. मुलाला लहानपणापासून घरातले एक काम नेमून द्या. दुकानाचा हिशेब असो, पाणी भरणे असो, आजोबांचे औषध असो. ते चुकले तर रागावण्याआधी त्यालाच दुरुस्त करू द्या. आणि मुलगीला जशी जमवून घ्यायची शिकवण देता, तशी मुलालाही द्या.

दुसरा शब्द बोलू देण्याबद्दल. ज्या घरात मुलाला "तू गप्प बस" एवढेच ऐकायला मिळते, त्याला कोऱ्या चित्रावर गोष्ट सुचत नाही. जेवताना त्याला विचारा, आज काय पाहिलेस, तुला काय वाटले. उत्तर चुकीचे असले तरी पुरते ऐकून घ्या.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एवढेच सांगायचे आहे की तयार गोष्टी पाठ करून जाऊ नका. पंधरा सेकंदांत वाक्य लिहिताना खोटे टिकत नाही, आणि चाचणीतला माणूस मैदानावर निराळा दिसला तर ते लगेच ओळखतात. तयारी करायची तर जगण्याची करा. संघात खेळा, हरा, पुन्हा खेळा. वसतिगृहात राहा. वर्तमानपत्र वाचा. घेतलेले काम पुरे करा. वाटाही आता पूर्वीपेक्षा अधिक आहेत. छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, 1977 पासून शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे आणि दहावीनंतर मुलांना तेथे प्रवेश मिळतो. मुलींसाठी अशीच संस्था नाशिकला निघाली आहे. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत 2022 पासून मुलीही दाखल होत आहेत. नगरच्या रणगाडा केंद्राच्या गाड्या आपल्या रस्त्यावरून जाताना तुम्ही लहानपणापासून पाहता. त्या गाडीत बसलेला अधिकारी आपल्यासारख्याच एखाद्या गावातून आलेला असतो.

तुम्ही विचाराल, त्या मुलाचे पुढे काय झाले? तो मोठा साहेब झाला असे मी सांगावे अशी तुमची इच्छा असेल. तसे झाले नाही. त्याने डिप्लोमा पुरा केला, आज तो एका कारखान्यात नोकरीला आहे आणि रविवारी मोहल्ल्यातल्या मुलांना गणित शिकवतो. बहिणीचे लग्न झाले. गेल्या वर्षी धाकट्या भावाने लष्कराचा अर्ज भरला, तेव्हा बापाने स्वतः सही केली आणि मला निरोप धाडला, "सर, घेतलं तर बरंच, नाही घेतलं तरी दार लावून बसणार नाही."

या एका वाक्यासाठी मी आज येथवर आलो. आपल्या मुलांना परीक्षेला पाठवा, आणि ती परत आली तर दार उघडे ठेवा.